तिसरी मूठ

आमची अक्का खोटं बोलायला कधी शिकलीच नाही, आणि त्याचा मला आजही राग येतो. कमलबाई तिचं नाव. मी तिची धाकटी जाऊ, तानुबाई. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात लहानथोर सगळे तिला अक्काच म्हणत. अंगाने काटकुळी, पण आवाज असा की खळ्यातून हाक मारली तर नदीत बसलेली म्हैस मान वर करायची. भांडण तोंडावर करायची आणि संध्याकाळी त्याच घरी कळण्याची भाकर घेऊन जायची. मी म्हणायचे, अक्का, थोडं पोटात ठेवावं माणसानं. तर म्हणे, पोटात ठेवलं की कुजतं.

निवड आली ती आधी कपाशीत. सरकारी निवड मंडळाच्या माणसांनी घराघरातली जुनी सरकी गोळा करून चावडीपुढे जाळली. यापुढे पेरायचं ते निवडलेलंच. पीक दणदणीत आलं, मग कोण कशाला बोलतो? नंतर बैल निवडले. नव्वद साल उलटलं आणि निवड माणसांवर आली. बाईला दिवस गेले की तिने धुळ्याच्या केंद्रात जाऊन पोटातलं पाणी तपासून घ्यायचं. खोट बारीक असली तर जनुकात फेरफार करून देत, मोठी असली तर पोट रिकामं करून घरी पाठवत. आणि आमची माणसं तरी कशी! सोयरीक जुळवताना ‘मुलगी कोणत्या वाणाची?’ असं विचारू लागली. मेली लाजसुद्धा वाटत नव्हती.

चुडामण आमचा चुलत पुतण्या. त्याच्या आईला दूध नव्हतं, म्हणून अक्काने आपल्या अभिमनसोबत यालाही अंगावर पाजलं होतं. तोच पुढे मंडळाचा गावातला मुकादम झाला. गावातलं पहिलं दुरुस्त केलेलं पोर त्याचंच. गोरंगोमटं, हुशार, पण कधी रडलं नाही. ओट्यावरून पडलं, गुडघा फुटला, तरी नुसतं रक्ताकडे बघत बसलं. बायका म्हणाल्या, किती गुणी! अक्का घरी येऊन मला म्हणाली, "तानू, लेकरू रडस नही वं. माले भ्याव लागस."

तिचा अभिमन मात्र जन्मापासून पायाने वाकडा. नांगर धरायचा, विहिरीत उतरायचा, कुठे अडत नव्हतं त्याचं. पण मंडळाने लग्नाच्या वेळीच बजावलं होतं, संसार खुशाल करा, पोर नको. आणि त्याच्या बायकोला, प्रमिलाला, दिवस गेले. अक्काने सुनेला ढगळ पातळं नेसवली, माणसांत जाणं बंद केलं. श्रावणातला कानबाई देवीचा सण झाला की तिला चोपड्याकडे माहेरी पाठवायचं आणि तिथून वर सातपुड्यातल्या पाड्यावर, जिथे मंडळाची गाडी चढत नाही. हे फक्त आम्हा घरच्यांना ठाऊक. सणाआधी सून माहेरी गेली असती तर भाऊबंदांनी कान टवकारले असते, म्हणून तेवढे दिवस काढायचे होते.

कानबाईच्या रोटांचं, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचं, दळण काढताना सगळी भाऊबंदकी थोरल्या घरी जमते. ज्या घरात जेवढे पुरुष, तेवढ्या सव्वा मुठी गहू त्या घरच्या बाईने घालायचे. कोणी पोटुशी असली तर पोटातल्याचीही मूठ घालतात. मुलगी झाली तर तेवढाच एक रोट तिच्या नावावर फुकट!

अक्काने "अभिमनच्या बापाची" म्हणून मूठ घातली, "अभिमनची" म्हणून घातली. आणि तिचा हात तिसऱ्यांदा सुपात गेला. नाव तिने घेतलं नाही, पण गहू टोपलीत पडले.

दारात चुडामण उभा होता. "अक्का, ही कोनी मूठ शे?"

मी पटकन म्हटलं, "मोजताना चुकली रे ती, वय झालं तिचं." अगं बाई, नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं! पण समोर कानबाईचे गहू होते.

"मन्हा नातूनी," अक्का म्हणाली.

त्याच संध्याकाळी आम्ही गाडी जुंपली, पण मंडळाची पांढरी जीप वेशीतच आडवी लागलेली होती. प्रमिला धुळ्याच्या केंद्रातून परत आली ती भिंतीला धरून चालत. अभिमन तिच्या मागे लंगडत येत होता आणि दोघंही कोणाकडे बघत नव्हती.

मी म्हटलं, घरात सुतक आहे, यंदा कानबाई बसवू नका. तर चुडामणने भाऊबंदांना पटवलं, जे जन्मलंच नाही त्याचं सुतक कसलं? सगळ्यांनी माना डोलावल्या. कानबाई बसली, गाजतवाजत नदीवर विसर्जनाला गेली.

रोट मात्र उरवायचा नसतो, भाऊबंदकीबाहेरही द्यायचा नसतो. शेवटच्या दिवशी पंगत बसली. सगळ्यांचं पोट भरलं तरी एक रोट राहिला. अक्काने तो उचलला आणि चुडामणच्या ताटात ठेवला.

"हाऊ त्याना रोट शे. मूठ तूच मोजी व्हती. उरू देवानं नही. खाय."

चुडामणने म्हाताऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी माना आपापल्या ताटात घातल्या. त्याने घास मोडला. दुसऱ्या घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, तरी तो खात राहिला. अक्का समोर पंखा घेऊन बसली होती, आईने बसावं तशी.

शेजारी त्याचा पोरगा जेवत होता. तो बापाच्या तोंडाकडे निरखून बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, तुमना डोयामा काय गयं?"

अक्काचे ओठ हलले. ती खरं सांगेल या भीतीने मीच आधी बोलले, "कचरा गया, भाऊ."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. जन्मभर माझ्या प्रत्येक खोट्याला टोकणारी ती बाई, त्या दिवशी काही बोलली नाही.