लॉकचं नाव

लूमच्या तेलाचा वास आला की मला निजामपुऱ्यातली ती दुपार आठवते. आमचं ऑफिस लूमच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांच्या, कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं, त्यामुळे कपातला चहासुद्धा थरथरायचा. अनेक कॉम्प्युटर मिळून एकच फाइलसाठा वापरतील, अशी सिस्टिम आम्ही बनवत होतो. एक कॉम्प्युटर फाइलमध्ये लिहीत असताना दुसऱ्याने तिला हात लावू नये म्हणून तिच्यावर लॉक लागायचा, आणि त्या लॉकला प्रोग्रामरने फाइलचंच नाव द्यायचं, ही आमच्या टीम लीडर मॅडमची रचना. संध्याकाळी काम गिऱ्हाइकाला सोपवायचं होतं. शेवटच्या चाचणीत कुणीतरी मध्येच फाइलचं नाव बदललं. नव्या नावाचा दुसरा लॉक तयार झाला आणि दोन कॉम्प्युटरांनी एकाच वेळी लिहून त्या फाइलचा पार चुथडा केला. मी म्हटलं, "मॅडम, नाव बदलायलाच बंदी घालू या." मॅडम जिन्यात जाऊन खालच्या लूमकडे बघत राहिल्या. त्यांचं माहेर लूमवाल्यांचंच. "आमच्याकडे सेठ बदलतो, दारावरचा बोर्ड बदलतो, पण लूमचा नंबर कोणी बदलत नाय," त्या म्हणाल्या. "फाइललाही सिस्टिमने दिलेला नंबर असतो, लॉक त्याच्यावर लावू. लॉकला नाव द्यायची सोयच काढून टाका." मग त्यांनी गिऱ्हाइकाला फोन करून "चूक माझी आहे, उशीर होईल" एवढंच सांगितलं, आणि स्वतःची सगळी रचना शांतपणे पुसायला घेतली. आज आमच्या कंपनीचं नाव वेगळं आहे, सिस्टिमचंही, आणि मॅडम केव्हाच दुसरीकडे गेल्या. लॉक अजून नंबरावरच लागतो.