मळ्याबाहेर काढलेल्या चपला

अमरावतीच्या माझ्या खोलीला हिरवा पडदा आहे. दुपारी तो ओढून घेतला की भिंतीवर पातळ हिरवा उजेड उतरतो आणि मी हातातलं पत्रक अर्धवट ठेवून कुठेतरी निघून जाते. जाते म्हणजे आमच्या पानमळ्यात. अंजनगाव सुर्जी मागे टाकून अकोटच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आमचं गाव, आणि गावाच्या टोकाला तो मळा. चारही बाजूंनी बांबूचं आणि गवताचं उंच कूड. आत हदगा, शेवरी, पांगारा यांच्या रांगा, आणि प्रत्येक खोडाला धरून वर गेलेले वेल, काही पानाचे, काही पानपिंपरीचे. ही पिंपरी म्हणजे बोटाच्या पेराएवढं तिखट फळ. वाळवलं की औषधवाले घेतात.

वैशाखातही आत गेलं की अंगावर ओला पदर पडल्यासारखं वाटे. ऊन वरून पडतच नसे, ते हवेत विरघळलेलं असे. जमिनीवर कुठे कुठे त्याचे तुकडे पडत, आणि वाऱ्यासरशी ते हळूच जागा बदलत. लहान असताना मला वाटायचं, मळा झोपेत कूस बदलतो आहे.

मळ्यात जाताना चपला दाराशी काढायच्या. तशी आमच्याकडची जुनी रीत आहे. मुलींनी कधी जावं आणि कधी जाऊ नये याचेही नियम होते, पण ते आईने माझ्यापुरते कुणाला न विचारता मोडीत काढले होते. चपलांचा नियम मात्र तिनेही मोडला नाही, आणि त्याला आमच्या आजोबांनी आणखी एक जोड दिली होती. चपलांबरोबर बाहेरचं बोलणंही दाराशी ठेवायचं. बाजार, भाव, निवडणूक, सरकार, सगळं बाहेर. आत आवाज चढवायचा नाही.

हा नियम आजोबांनी काहून केला असेल, हे मला मोठी झाल्यावर कळलं. त्यांना दोन मुलगे होते. थोरले माझे मोठेबाबा आणि धाकटे माझे बाबा. दोघांचे पक्ष वेगळे, दोघांची पत्रकं वेगळी. आमच्या घरात देवघरापेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. बाबांची गुलाबी, मोठेबाबांची पिवळी. शाळेत नाव घालण्याआधी मोठेबाबांनी मला मांडीवर बसवून पिवळ्या पत्रकावरून वाचायला शिकवलं. बाराखडी संपल्यावर मी थेट ‘धिक्कार’ वाचला. संध्याकाळी बाबा गुलाबी पत्रक पुढे करत आणि मी त्यातून ‘संरक्षण’ वाची. जोडाक्षरं मला दोन्ही पक्षांनी शिकवली.

मोठेबाबांचं म्हणणं असं की सरकारने बाजारातून हात काढावा. कर कमी घ्यावेत, खर्च कमी करावा, माल कुठूनही येऊ द्यावा आणि कुठेही जाऊ द्यावा. बाबांचं म्हणणं, बाहेरच्या मालावर कर हवा, आतल्या माणसामागे सरकार हवं, आणि त्यासाठी खर्च करायला लाजू नये. मी बाबांच्या बाजूची आहे. तेव्हाही होते, आता तर अमरावतीत बसून त्याच बाजूची पत्रकं लिहिते. गावातला दवाखाना, रस्त्यावरची एसटी आणि मी शिकले ते वसतिगृह कुणाच्या नफ्यातून उभं राहिलं नाही, कराच्या पैशातून राहिलं. हे म्हणताना माझा आवाज चढतो. चढू दे. मी मळ्याबाहेर आहे.

विधानसभेच्या निवडणुकीचं वर्ष होतं. बाहेरच्या देशातली पिंपरी स्वस्तात येऊन राहिली होती आणि व्यापारी आमच्या मालाकडे पाहून नाक मुरडत होते. दसऱ्यानंतरच्या एका सकाळी मी घरी आले होते. मळ्यातलं काम आटोपून आम्ही दाराशी आलो. दोघा भावांनी पायात चपला सरकवल्या आणि आत तासभर दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं.

“जहाजातून येते पिंपरी,” बाबा म्हणाले. “कर लावा म्हटलं की तुमच्या पक्षाले ताप येते, दादा.”

“कर लाव,” मोठेबाबा म्हणाले. “मंग औषधवाला महाग घेईन का तुयी पिंपरी? तो दुसरं काही शोधून काढीन. आन भाव वाढला की हेच सरकार माल बाहेर जाऊ देत नाई. कांद्याचं पाह्यलं नाई का? आज पाठ थोपटते, उद्या दार लावते. असा पहारेकरी तुलेच पाहिजे.”

मी मध्ये पडले. “तिकडच्या शेतकऱ्यामागे तिकडचं सरकार उभं आहे, मोठेबाबा. आपला माणूस एकटा आणि समोर अख्खा देश, याला तुम्ही बाजार म्हणता?”

“मले पत्रक वाचून दाखवू नको, पोरी. वाचाले म्याच शिकवलं तुले.”

डब्यात चहा घेऊन मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको, तेवढ्यात आली. सरकार बायांच्या खात्यात महिन्याचे पैसे टाकत होतं आणि त्यावरून मोठेबाबा गावभर चिडलेले होते. बाबांनी संधी साधली. “वहिनी, तुमाले जमा झाले का पैसे?”

“झाले ना.”

“परत कर,” मोठेबाबा म्हणाले. “लोकायच्या कराचे पैसे हायेत ते.”

“तुमच्या तत्त्वात साखर टाकता येते का?” मोठीआई म्हणाली. “येत असन तर करते परत. चहा घ्या मुकाट्यानं.”

आम्ही हसलो. हसायला नको होतं. मोठेबाबा भर रस्त्यावर एकटे पडले, आणि माणूस एकटा पडला की तत्त्वावरून घरावर येतो.

“एवढं कूड घालाची हौस हाये ना तुले?” ते बाबांना म्हणाले. “मंग मळ्याच्या मधातून घालू. तुयी सावली तुले, माया उजेड मले.”

“घाला,” बाबा म्हणाले.

एवढंच. दोघं दोन दिशांना निघून गेले. चहा डब्यातच राहिला.

त्या ‘घाला’चा अर्थ आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. मळ्याच्या मधोमध हदग्याची जुनी रांग आहे, आजोबांच्या हातची. तिची सावली दोन्हीकडे पडते. मधून कूड घालायचं तर ती रांग तोडावी लागणार. पश्चिमेची पट्टी आमची, अरुंद. रांग गेली की उन्हाळ्यातला वारा आणि ऊन त्या पट्टीत शिरणार आणि आमचे वेल करपणार. मोठेबाबांचेही जातील, जरा उशिरा. बाबांना हे कळत होतं, पण शब्द मागे घ्यायला लागणारा वाकणारा मणका आमच्या घराण्यात कुणालाच मिळालेला नाही. मलाही नाही.

त्या सकाळी आणखी एक गोष्ट झाली होती. दोघांच्या चपला अंजनगावच्या बाजारातल्या एकाच दुकानातल्या, एकसारख्या, काळ्या. बाबांची एक नंबरने लहान. भांडणाच्या तारेत मोठेबाबांनी बाबांच्या घातल्या आणि बाबांनी त्यांच्या. आपापल्या घरी पोहोचल्यावर दोघांच्याही लक्षात आलं, पण बदलून आणायच्या तर बोलावं लागलं असतं. मग ते तसेच फिरले. दिवाळी गेली, मतदान झालं. मोठेबाबांच्या टाचा मागे बाहेर आलेल्या, आणि बाबांच्या पायातल्या सैल चपला रस्त्याने फटफट वाजत. मतदानाला दोघं वेगवेगळ्या वेळी गेले, एकमेकांच्या चपला घालून, एकमेकांच्या विरुद्ध मत द्यायला. गावाला हे सगळं दिसत होतं. कुणी हसलं की दोघंही पायांकडे न पाहता पुढे जात.

मळ्याच्या दाराबाहेर बांबू येऊन पडले. हदग्याच्या रांगेवरून मोठेबाबांनी एक सुतळी ताणून बांधली, तोडायची रेघ म्हणून. आईने ती पाहिली आणि घरी येऊन दिवसभर धान्य निवडत बसली. नवीन धान्य नव्हतं. निवडलेलंच पुन्हा निवडत होती.

थंडी सुरू होताना मळ्यातली सावली विरळ करावी लागते, नाहीतर वेलांना ऊन पुरत नाही. हे काम एकट्याने होत नाही. कोयता घेऊन झाडावर चढलेल्या माणसाला खाली किती ऊन पडलं ते दिसत नाही, आणि खालच्या माणसाचा हात वर पोहोचत नाही. त्यातही आमची एक पद्धत आहे. ज्याची पट्टी, तो वर चढतो. किती छाटायचं ते खाली उभा राहून दुसरा सांगतो. आपल्याच वेलांचं ऊन ठरवताना माणूस एक तर हावरा होतो नाहीतर भितो, असं आजोबांचं म्हणणं. भावाची नजर सरळ असते. शब्दही ठरलेले. ‘घे’ म्हणजे छाट. ‘ऱ्हाऊ दे’ म्हणजे सोड. ‘बस’ म्हणजे झालं.

कूड घालण्याआधी ही छाटणी उरकायची होती. मी अमरावतीहून पहाटेची एसटी पकडून आले. मळ्यात धुकं होतं, सातपुड्याकडून आलेलं, आणि वेल त्यात निम्म्यापर्यंत बुडालेले होते. दोघांनी दाराशी चपला काढल्या आणि एकमेकांकडे न पाहता आत शिरले. मी फांद्या गोळा करायला मागे.

आधी आमची पट्टी. बाबा शिडीवरून पांगाऱ्यावर गेले. मोठेबाबा खाली, मान वर. मला वाटलं होतं, मोकळ्या उन्हाचा हा माणूस आज सगळं बोडकं करून सोडेल. पण ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे.” पुढच्या फांदीला, “ऱ्हाऊ दे.” मग त्यांनी एका वेलाचा शेंडा बोटांत धरून पाहिला. नुसतं धुक्यातून पाणी टपकत होतं. “हे बारकं घे. ऱ्हाऊ दे बाकी.” आमचे पश्चिमेचे वेल कोवळे होते आणि ते त्यांनी माझ्याआधी पाहिलं होतं.

मग मोठेबाबांच्या पट्टीत अदलाबदल. ते वर, बाबा खाली. तिकडे सावली दाटून मुळाशी ओल धरली होती. जगभरच्या मालाला भिंत घालू पाहणारे माझे बाबा म्हणत होते, “घे. अजून घे. येऊ द्या ऊन, दादा.” त्यांनी ‘दादा’ म्हटलं की सवयीने निसटलं, सांगता येणार नाही. मोठेबाबांचा कोयता जरासा थांबला आणि पुन्हा चालू झाला. फांद्या पडत गेल्या आणि जमिनीवर ऊन सांडत गेलं, आधी शिंपल्याएवढं, मग परातीएवढं. मी त्यात उभी राहून पाय शेकत होते. मला वाटलं, हे मी स्वप्नात पाहते आहे, आणि जागी झाले तर पुन्हा दाराबाहेर असेन.

सगळं झालं तेव्हा मधली रांग उरली. सुतळीची रांग. ती तोडायचीच होती, तर छाटायचं कशाला? बाबा कोयता घेऊन तिच्याखाली येऊन उभे राहिले. मोठेबाबा रांगेच्या दुसऱ्या बाजूला. मधे सुतळी, धुक्याने भिजून खाली लोंबलेली. मी फांद्यांचा भारा हातात तसाच धरून ठेवला. खाली ठेवला असता तर आवाज झाला असता.

“याचं काय?” बाबांनी विचारलं. आवाज अगदी हळू. आत तसाच बोलायचा असतो.

मोठेबाबांनी वर पाहिलं. हदग्याची पानं हलत होती आणि त्यांच्या तोंडावरून उजेड येत-जात होता. त्यांचा पडलेला गाल, वाढलेली पांढरी दाढी, सगळं एकदा उजळे आणि एकदा विझे. निवडणुकीत त्यांचा पक्ष हरला होता, बाबांचा जिंकला होता, आणि पिंपरीचा भाव तिथेच होता.

“चढ,” ते म्हणाले.

बाबा चढले. मोठेबाबा खालून म्हणत राहिले, “घे... ऱ्हाऊ दे... घे.” शेवटच्या झाडापाशी आले तेव्हा एक पिंपरीचा वेल खोडावरून सुटून जमिनीवर लोळत होता. त्यांनी सुतळीचं टोक सोडलं, ओढत ओढत सगळी गुंडाळून घेतली, दाताने तुकडा तोडला आणि तो वेल उचलून खोडाला बांधला. उरलेली सुतळी खिशात टाकली. “बस,” ते म्हणाले.

दोघं दाराकडे गेले. मी आतच राहिले, भारा हातात धरून. कुडाच्या पलीकडून चपला सरकल्याचा आवाज आला, आणि मग थांबला.

“ह्या मायावाल्या,” मोठेबाबांचा आवाज. “एवढे दिवस वापरल्या. टॅक्स भर आता.”

“तुमाले तर कर नको होता ना, दादा?”

“माया मालावर नको. तुयावर लाव. आन ते बांबू आता पश्चिमेच्या कुडाले लाव, तिकडून फाटलं हाये. सरकारची वाट पाहू नको, तुया हातानं लाव. आयात कराचं म्हणशीन तर...”

झालं. सुरू. दोघांचेही आवाज चढले, पण गवताच्या कुडातून ते गाळून येत होते, तळ्याच्या तळाशी बसून काठावरचं बोलणं ऐकावं तसे. मोठेबाबांनी जो मुद्दा काढला तो साफ चुकीचा होता. त्याला माझ्याकडे उत्तर होतं, आजही आहे, आणि ते मी दोन पत्रकांत छापलंही आहे. त्यासाठी बाहेर जाऊन चपला घालाव्या लागल्या असत्या.

धुकं निघून गेलं होतं. मधल्या रांगेखाली ऊन नेमकं दोन्हीकडे पडत होतं. मी भारा उतरवला आणि तिथेच, ओल्या मातीत पाय रोवून, थोडा वेळ बसले.