अभ्यासिकेच्या जिन्यावरचं कुलूप

वाचनालयात मी बावीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ ग्रंथपाल म्हणून. एवढ्या काळात लोकांवर ओरडले असेन, एखाद्याला दारातून परत पाठवलं असेल, पण ते विसरून गेले. एका माणसाबद्दल मात्र मी कागदावर खोटं लिहिलं, ते विसरता येत नाही.

आमचं वाचनालय कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत आहे. खाली वर्तमानपत्रांची टेबलं आणि पुस्तकांची देवघेव, वर अभ्यासिका. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मुलंमुली पास काढून बसायची. वर जायला एकच जिना आणि जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचं सरकतं गेट. ते रात्री बंद करायचं, दिवसा उघडं.

आप्पा रोज दहाच्या सुमारास यायचे. त्यांना सगळे आप्पाच म्हणत. पासष्टीच्या पुढचे, पांढरी टोपी, धुतलेला सदरा, बोटं शेतकऱ्याची, जाड. कुरुंदवाडजवळच्या एका गावातलं जैन शेतकरी घर. मोठ्या महापुरानंतर ते आणि त्यांच्या मंडळी, म्हणजे बायको, कोल्हापुरात मुलीकडे राहायला आले होते, एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडे मी कधी विचारलं नाही. पूर तर आमच्या निम्म्या जिल्ह्याला आला होता. प्रत्येकाला काय विचारायचं?

त्यांची एक खोड होती. आभाळ भरून आलं की ते वर्तमानपत्र उचलायचे आणि वर अभ्यासिकेत जाऊन बसायचे, जिन्याजवळच्या पहिल्या खुर्चीवर. दर पाच मिनिटांनी उठून खिडकीतून खाली रस्त्यावर बघायचे, परत बसायचे. खुर्ची करकरायची. मुलं तक्रार घेऊन माझ्याकडे यायची.

"आप्पा, पेपर खाली वाचायचा," मी सांगायची. "वर पोरं अभ्यास करत्यात."

"व्हय अक्का, बसतो की खाली. जरा पाऊस उघडू दे."

मला तो बहाणा वाटायचा. वर पंखे नवीन होते, खुर्च्यांना गाद्या होत्या. पावसाचा आणि वर बसण्याचा काय संबंध? म्हातारा हट्टी आहे, एवढंच माझं मत झालं.

हे घडलं त्या जुलैत चार दिवस पाऊस थांबला नव्हता. पंचगंगेनं इशारा पातळी ओलांडल्याचं सकाळी कळलं आणि वाचनालयात जो येईल तो बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं तेच बोलत होता. मुलांची परीक्षा पंधरा दिवसांवर होती. आदल्या दिवशी आप्पा तीनदा वर गेले होते आणि मुलांनी सह्यांचं निवेदन दिलं होतं. मी ठरवलं, आज गेट लावायचं. पास असलेला आला की शिपायानं किल्लीनं उघडायचं. वर चाळीस मुलं होती. ती वर असतानाच मी गेट ओढून घेतलं आणि स्वतःच्या हातानं कुलूप घातलं.

आप्पा खाली टेबलाशी बसले होते. कुलूप लागल्याचा आवाज झाला आणि ते उठले. चालत आले ते माझ्याकडे बघत नव्हते, कुलपाकडे बघत होते.

"कुलूप काढा."

"पासवाल्यांनाच वर सोडणार आजपासून. तुम्ही खाली बसा."

"अक्का, कुलूप काढा. पाणी आलंय. दावी तरी सोडा."

"कसली दावी? बसा म्हणते न्हवं मी!"

कोल्हापुरात मोठ्यानं बोलणं म्हणजे काही भांडण नसतं. पण मी ओरडले हे खरं. त्यांनी जाळीत बोटं घातली आणि गेट गदागदा हलवायला लागले. जाळीच्या पट्टीनं एक बोट कापलं, रक्त जाळीवरून खाली ओघळलं, तरी त्यांना पत्ता नव्हता. मी मागून जाऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी हात झटकला आणि मी कपाटावर आपटले. माझ्या कोपराला लागलं. वरून मुलं वाकून बघत होती, एकानं मोबाइल काढला होता.

शिपाई आणि एक वाचक यांनी आप्पांना धरून बाहेर नेलं. बाहेर म्हणजे पावसात. ते पायरीवर जरा वेळ उभे राहिले, मग हातावरचं रक्त सदऱ्याला पुसत निघून गेले. कुठे गेले, घरी नीट पोचले का, हे मी बघितलं नाही. मी चहा मागवला.

दुपारी वाचनालयाचे कार्यवाह आले. माझ्या कोपरावरची सूज बघून म्हणाले, "प्यायला होता का हो?"

मी त्या माणसाला अगदी जवळून धरलं होतं. त्यांच्या अंगाला ओल्या कपड्यांचा वास येत होता, दुसरा कसलाही नाही. मला ते पक्कं माहीत होतं.

"असंल," मी म्हटलं.

आणि मग तक्रारअर्जात लिहिलं, "सदर वाचक मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत होते."

का लिहिलं, याला मी बरीच कारणं शोधली. खरं कारण सोपं होतं. ते प्यायलेले नव्हते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की मुळात झालं काय. मग गेटची गोष्ट निघाली असती. भर दिवसा चाळीस मुलांना एकुलत्या एका जिन्याला कुलूप घालून वर कोंडलं, हे कुणी विचारायच्या आधी मला विषय बदलायचा होता. वाचनालयाच्या समितीनं अर्ज वाचला आणि आप्पांचं सभासदत्व रद्द केलं.

दहा-बारा दिवसांनी त्यांची मुलगी आली. एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करणारी, चाळिशीतली बाई. आप्पांच्या नावावरची दोन पुस्तकं तिनं टेबलावर ठेवली.

"भांडायला आले न्हाई मी, मॅडम," ती म्हणाली. "सभासदत्व रद्द केल्याच्या पत्रात कारण लिहिलेलं न्हाई. पण आप्पांनी तुम्हाला ढकललं असं कळलं. म्हणून सांगावंसं वाटलं. त्यांनी आयुष्यात कुणावर हात उचललेला न्हाई."

मी तिला बसा म्हटलं. ती उभ्यानंच सांगत राहिली.

महापुराच्या वेळी आईची तब्येत बिघडली म्हणून आप्पा तिला घेऊन सकाळच्या गाडीनं कोल्हापूरला आले होते. संध्याकाळपर्यंत परत जायचं होतं. गोठ्यात दोन म्हशी आणि एक रेडकू. त्या महिन्यात गावात जनावरांची चोरी झाली होती, म्हणून गोठ्याला कुलूप लावलं होतं. दुपारी रस्ता बंद झाला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचा फोन आला. तो गोठ्याच्या दाराशी उभा होता, पाणी छातीला लागलं होतं, आणि दार तुटत नव्हतं. 'किल्ली कुठं ठेवलीया?' असं तो विचारत होता.

"किल्ली आप्पांच्या खिशात होती," ती म्हणाली. "फोनवर म्हशींचा आवाज येत होता. आम्ही फोन द्या, फोन ठेवा म्हणत होतो, आप्पा ठेवेनात. शेवटी त्या शेजाऱ्यालाच पळावं लागलं."

मी म्हणाले, "वाईट झालं." ती निघाली तेव्हा माझ्या मागच्या कपाटात तो अर्ज होता. मी उठून दारापर्यंतसुद्धा गेले नाही.

त्या हिवाळ्यात आमचं, म्हणजे आसपासच्या वाचनालयांतल्या कर्मचाऱ्यांचं, एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. मानसिक धक्का बसलेल्या वाचकांशी कसं वागावं, हा विषय. एक समुपदेशक बाई आल्या होत्या. त्या साध्या साध्या गोष्टी सांगत होत्या. काही माणसांना भिंतीला पाठ लावूनच बसवतं, काहींना दाराजवळच. त्यांना तिथं बसू द्या. मागून हात लावू नका. दार लावणार असाल तर आधी सांगा. एखादा तुमच्या नियमाशी भांडतोय असं वाटलं तर तो नक्की कशाशी भांडतोय ते बघा. बाकीचे वहीत उतरवून घेत होते. माझं 'मागून हात' एवढंच लिहून झालं.

चहाच्या सुट्टीत मी त्यांना गाठून सगळं सांगितलं. अर्जासकट.

त्या म्हणाल्या, "भेटायला जा. पण त्यांना काय हवंय ते बघा. तुम्हाला काय सांगायचंय ते नंतर."

मी फक्त 'भेटायला जा' ऐकलं.

आधी समितीपुढे गेले. मी लिहिलेलं खोटं आहे, असं लेखी दिलं. कार्यवाह वैतागले. "मिटलेलं उकरून काय मिळणार आहे तुम्हाला?" पण सभासदत्व परत दिलं, गेटचं कुलूप काढलं, आणि अभ्यासिकेत जिन्याजवळच्या चार खुर्च्या कुणालाही बसायला मोकळ्या ठेवायच्या असं ठरलं. ते पत्र पर्समध्ये घालून मी आप्पांच्या मुलीच्या घरी गेले.

दार आप्पांनीच उघडलं. मला बघून ते गोंधळले, मग त्यांना खरोखर आनंद झाला. खुर्ची पुसून दिली. बोटावर पांढरा व्रण दिसत होता. मी माफी मागितली, तसे ते हसले.

"तुमचं काय चुकलं न्हाय, अक्का. मीच येडा झालतो त्या दिवशी. कोपराला लै लागलं का?"

"न्हाई, बरं हाय आता."

मी सभासदत्वाचं पत्र दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरून वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. मंडळींनी दूध आणलं. तिथंच मी उठायला हवं होतं. त्या माणसाला आणखी काही नको होतं. पण मला मोकळं व्हायचं होतं. मी सांगितलं की सभासदत्व रद्द झालं ते ढकलण्यामुळे नाही, मी तुम्ही प्यायला होता असं लिहिलं म्हणून.



"दारू?" ते म्हणाले. "आमच्या घरात चातुर्मासात कांदासुदिक येत न्हाय, अक्का."

"माहीत आहे. माझं चुकलं."

"किती जणांनी वाचलं ते?"

"समितीतल्या सात जणांनी."

त्यांनी समितीतल्या एकाचं नाव घेतलं. तो होता का, विचारलं. मी होय म्हटलं.

"त्यो आमचा पावणा हाय. माझ्या भावाचा व्याही." ते मंडळींकडे वळले. "म्हणून दिवाळीला आलं न्हाईत बघ ते."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या त्या बाईनं पदर तोंडाला लावला. आप्पा माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे मला सांगून काय केलासा, अक्का?"

दुसऱ्याच दिवशी मी त्या पाहुण्यांच्या दुकानात गेले आणि सगळं सांगितलं. "मला तवाच खरं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. मग बोलला का नाहीत, असं विचारायचा मला काय अधिकार? ते नंतर आप्पांना भेटून आले, असं कानावर आलं. काय बोलणं झालं ते ठाऊक नाही.

आप्पा वाचनालयात परत आले नाहीत. उन्हाळ्यात ते आणि त्यांच्या मंडळी गावी परत राहायला गेले. मुलगी महिन्यातून एकदा त्यांच्या कार्डावर पुस्तकं न्यायची. माझ्याशी नीट बोलायची, पण पुस्तकांपुरतंच. पुढं मी निवृत्त झाले.

गेल्या वर्षी रंकाळा स्टँडवर ते दिसले. हातात भाजीची पिशवी होती. मला चुकवावं असं त्यांच्या मनात आलं नसावं, माझ्या मात्र आलं.

"बरं हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हाय. तुमचं?"

"चाललंय."

मी आणखी काहीतरी बोलणार होते. तोंडाशी आलेलं ते पुन्हा मला सांगायचं होतं तेच होतं, त्यांना हवं होतं ते नव्हतं, म्हणून गप्प बसले. त्यांची गाडी लागली. ते मान हलवून चढले आणि गर्दीत आत सरकले.