डावीकडे वळलेला काठ

माझ्या वहिनीच्या पायाला भिंगरी आहे. ती कारागिरांच्या संस्थेची चिटणीस आणि मी तिथल्याच दुकानात गल्ल्यावर, त्यामुळे घरी काय नि कामावर काय, तिची धावपळ माझ्याच डोळ्यांसमोर. चहासुद्धा उभ्यानेच. संस्था चाळीसेक कारागिरांना बसायला बाक देते, त्यांचा माल विकते आणि विक्रीतला तिसरा हिस्सा ठेवून घेते. त्यात भागत नाही, म्हणून रविवारी हौशी लोकांचे वर्ग आणि कचेऱ्यांना भेटवस्तू. या भेटवस्तूंसाठी तिने इतक्या साहेबांचं डोकं खाल्लंय, की तिला पाहून काहीजण मागच्या दाराने सटकत असणार.

हे सगळं चालतं ते संस्थेच्या शिक्क्यावर. शिक्का आहे म्हणजे वस्तू टिकणार, असं गिऱ्हाईक धरूनच चालतं. म्हणून दर पाच वर्षांनी प्रत्येक बाकासाठी नव्याने निवड होते. वस्तूवर नाव नसतं, नुसता आकडा. पाच परीक्षक, त्यात एक वहिनी. तीन हात वर गेले की बाक मिळाला. मात्र काम कोणाचं ते ओळखलं, तर परीक्षकाने उठून बाहेर जायचं.

यंदा वहिनीच्या वडिलांच्या बाकाची पाळी होती. ते वेताच्या टोपल्या विणतात. बाक गेला तर बाबा दिवसभर घरी करणार काय, या काळजीने तिने आठवडाभर मला भंडावून सोडलं.

निवडीच्या दिवशी अर्ध्या तासातच ती बाहेर आली.

"बाबांची टोपली आली गं. काठाची वेणी डावीकडे वळलीये, म्हणजे डावखुऱ्याचीच. आणि काय घट्ट आहे! जराही कुरकुरत नाही."

"मग झालं तर! बस आता."

ती कसली बसते? फलकावरच्या वाकड्या टाचण्या काढून पुन्हा सरळ टोचत राहिली.

दार उघडलं. दोन हात वर गेले होते, दोन नाही. टोपली नापास. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने तिथेच नावांचा बंद लिफाफा फोडला.

टोपली बाबांची नव्हतीच. दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसून शिकणाऱ्या बाईची होती. ती बाई उजव्या हाताची, पण बाबांचं बघून बघून काठ डावीकडेच वळवायला शिकलेली. बाबांचं नाव यादीत कुठेच नव्हतं.

वहिनी तडक कामाच्या खोलीत गेली, मी मागोमाग.

"बाबा, तुम्ही टोपली का नाही दिलीत?"

"माझा बाक तिला मिळावा म्हणून."

"तुमची समजून मी उठले हो! नाहीतर तिसरा हात माझाच होता."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वेताची एक कांडी उचलली आणि वळवायला घेतली. अंगठा वाकेचना. कांडी सुटून खाली पडली.

वहिनी त्या बाकाजवळून दिवसातून दहादा जाते. दुकानात त्यांच्या टोपल्या येईनाशा झाल्या, तेव्हा मीही कधी विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"दीड वर्ष झालं," बाबा म्हणाले. "एवढी घट्ट टोपली तुला माझी वाटली तरी कशी, पोरी?"