बटणमावशीचं बोट

माझ्या मावशीला सगळी गल्ली बटणमावशी म्हणते. कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे येतात आणि ती खिडकीशी बसून बटणं लावते. हिशेबात तिला कोणी फसवून दाखवावं! पेरांवर मोजते, नोटा रंगावरून ओळखते. आकडे वाचायला मात्र ती कधी शिकली नाही.

बचत गटाचे पैसे मोबाईलवर गेले तेव्हा मला वाटलं, आता संपलं. पण मावशीने गुप्त नंबर बोटालाच शिकवला. "बटणाच्या चार भोकांतून सुई फिरते ना, तसं फिरवायचं," म्हणाली. डोळे अर्धे मिटून ती काचेवर बोट फिरवायची, झोपेत चालल्यासारखं, आणि खातं उघडायचं. मी नुसती बघत राहायचे.

मग बँकेतल्या कुणा शहाण्याला सुचलं, की आकड्यांच्या जागा दर वेळी बदलाव्यात. सुरक्षेसाठी म्हणे! डोंबलाची सुरक्षा! त्याच दिवशी मावशीला पैसे हवे होते. मशीन दुरुस्तीवाल्याकडे काज करायचं एक जुनं मशीन विकायला होतं, आणि मावशीसाठी तो संध्याकाळपर्यंतच थांबणार होता. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा चुकलं तर खातं आठवडाभर बंद.

गटाची ताई धावत आली. "मावशी, नंबर मला सांगा, मी दाबते."

"आकडा मला तरी कुठे माहीत आहे? आणि असता तरी सांगितला नसता. दोघींना कळलं की त्याची बातमी होते."

ताई गेली. मावशीने शर्टांचा गठ्ठा बाजूला सारला. मग पांढरी चिंधी माझ्यापुढे टाकून म्हणाली, "आधी आकडे जसे असायचे, तसे निळ्या खडूने काढ."

मी काढले. तिने सुई ओवली आणि एकेक आकडा दोऱ्याने भरायला घेतला.

"सगळेच कशाला, मावशी?"

"चारच भरले तर तुला कळतील ना, शहाणे!"

ऊन चिंधीवरून सरकत होतं, पंखा हळूहळू फिरत होता. "हा वाकलाय. ह्याचं पोट सुटलंय," मावशी पुटपुटत होती. ती दुपार संपूच नये असं मला वाटत होतं.

उन्हं कलली तेव्हा तिने चिंधी फोनशेजारी ठेवली आणि डोळे टक्क उघडे ठेवून, चिंधीवर नजरेनेच जुनी वाट धरत आणि तसाच आकडा काचेवर शोधत, चारदा बोट टेकवलं. खातं उघडलं. मला रडू आलं. तिला वेळ नव्हता.

दिवेलागणीला मशीन हातगाडीवरून आलं. हमाल पावती काढून म्हणाला, "घर नंबर?"

मावशीने दाराकडे पाहिलं. चौकटीवर पत्र्याचा एवढासा आकडा होता. बावीस वर्षं ती त्याच्याखालून ये-जा करत होती. तिने त्यावर बोट ठेवलं, जिथे दोरा वळला होता तिथेच वळवलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"अगं, हा तर माझ्या..." तिने जीभ चावली.

"आणि हे लोक असं दारावर उघडं लिहून ठेवतात!" म्हणाली, आणि मशीन आत जाईपर्यंत तो पत्रा तळहाताने झाकून उभी राहिली.