सिस्टरच्या परसातली पाखरं

सांगलीत आमच्या शेजारच्या बाई मिशनच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. गल्लीत केबल आली तरी त्यांची सकाळ परसातच जायची. पाखरांना ज्वारी टाकून त्या पायरीवर प्रार्थनेला बसत, पण डोळे उघडे ठेवून.

"डोळे मिटत नाही का तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"चर्चमध्ये मिटते की. हितं मला देवाचं काम बघायचं असतंय."

पाखरं पेरत नाहीत, तरी देव त्यांचं पोट भरतो, या बायबलातल्या वचनावर सिस्टरचा सगळा धीर होता. मला त्या भाबड्या वाटत.

त्यांचा नवरा गेला त्याच आठवड्यात मांजरानं जास्वंदीतलं बुलबुलाचं पिल्लू मारलं. सिस्टरनी ते झाडाखाली पुरलं आणि ज्वारीची वाटी आणली. मला राहवलं नाही.

"देवानं राखलं कुठं त्याला, सिस्टर?"

त्यांनी सावकाश दाणे टाकले.

"पाखरू पडायचंच न्हाई, असं कवा म्हणालाय तो? 'पडलं तर मला कळंल,' एवढंच म्हणालाय."

मग त्या पायरीवर बसल्या आणि परसात पहिल्यांदाच त्यांनी डोळे मिटले. मांजर भिंतीवरच होतं. त्याला हाकलायला मी तिथंच उभा राहिलो.