आखूड दांडा

माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या गियरचा दांडा भलताच लांब फिरायचा. मला त्याची चीड होती. लातूरच्या लेथवाल्या मिस्त्रीला म्हटलं, "वरून कापून टाका."

"वरून कापला तर लई जड जाईल," तो म्हणाला. "सांध्याच्या खाली वाढवावा लागतो, मग वर कमी फिरतो."

त्याने तसा नवा दांडा करून बसवला. गियर नुसत्या मनगटावर पडू लागले. नांदेडला निघालो तेव्हा तोऱ्यात बायकोला विचारलं, "कसंय?"

"चांगलंय. पण दुसरा टाकताना तुमचा हात माझ्या गुडघ्याला लागायचा. आता लागंना."

अहमदपूरच्या अलीकडूनच मी गाडी वळवली.

"जुना बसवा," मी मिस्त्रीला म्हणालो. "हा जड जातो."

बायको गाडीत बसून हसत होती.